रविवारी बंद

२२ फेब्रुवारी, रविवार

दोन धन्यांची चाकरी एकाच वेळी होत नाही, यावर पाळकसाहेब आज चर्चमध्ये पाऊण तास बोलले. बरं बोलले. मागच्या बाकावरचे दोघे सोडले तर सगळे जागे होते. मग आशीर्वाद झाला, साहेबांनी झगा उतरवला आणि पायरीवर मला गाठलं — "अक्का, भुसावळचे पाहुणे आलेत. शेवभाजी खायची म्हणतात. ललितचं हॉटेल आज उघडं असेल का हो?"

"आज वार कोणता, साहेब?"

"अरे हो! विसरलोच बघा!"

आणि दोन गाड्या भरून मंडळी ललितच्या शेजारच्या हॉटेलात गेली. रविवारी हॉटेल चालवणं म्हणजे जगाच्या मागे लागणं. रविवारी हॉटेलात बसून रस्सा दोनदा मागवणं म्हणजे सहभागिता! तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण हा फरक मला अजून कोणी फोड करून सांगितलेला नाही.

हॉटेल बेथेल. धुळे रोडवर, पाळधीच्या पुढे. सात वर्षं झाली. माझ्या मुलाने, ललितने, नोकरी सोडून हे काढायचं म्हटलं तेव्हा मी एकच अट घातली — रविवार प्रभूचा. त्या दिवशी चूल पेटणार नाही. पाटीवरचे 'रविवारी बंद' हे शब्द मीच दिले, आणि हॉटेलच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत काढून घेतले. जळगावपासून धुळ्यापर्यंत रविवारी बंद राहणारं दुसरं हॉटेल मला तरी माहीत नाही. ट्रकवाले थांबतात, वाचतात आणि पंपावर जाऊन विचारतात, "कोणी वारलं का?"

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सुरेशचंद शेठ घरी आले. हॉटेलची जागा त्यांची. पेढे आणले. शेठ पेढे आणतात तेव्हा समजावं, मागून काहीतरी कडू येतंय.

"देखो मॅडम, करार आपला आखाजीपर्यंत. पुढे द्यायला मला आनंदच आहे. पण आता सातही दिवस उघडं पाहिजे. रस्ता चौपदरी झाला. रविवारी फॅमिलीवाले गाड्या काढतात, आणि आपल्या दाराला कुलूप! बंद दुकानाने जागेचं नाव जातं, मॅडम."

आमच्याकडे सालदार असो की भाडेकरू, वर्ष आखाजीला फिरतं. यंदा आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, १९ एप्रिलला. आणि वार? रविवार! शेठ म्हणतात, मुहूर्त उत्तम आहे, त्याच दिवशी सही करू आणि त्याच दिवशी उघडू. नाहीतर त्यांच्याकडे दुसरा भाडेकरू तयार आहे.

मी म्हटलं, "शेठजी, तुमच्या धर्मासाठी आमच्या हॉटेलात सात वर्षं अंडं फुटलेलं नाही. कांदा-लसूण तेवढा चालवून घेतलात, ते उपकार. तुमचा धर्म आम्ही आठवड्याचे सहा दिवस पाळतो. आमचा एक दिवस तुम्हाला जड होतो?"

शेठ रागावले नाहीत. तेच तर वाईट. "जागा माझी आहे ना, मॅडम," एवढंच म्हणाले. चहा घेतला नाही — दिवस मावळला होता, आणि मावळल्यावर ते पाण्याचा थेंबही घेत नाहीत. घरी त्यांच्या पत्नी प्रेमकुंवरबाईंचं वर्षीतप चालू आहे. वर्षभर एक दिवस आड उपास, पारणं आखाजीला. धर्म घरात एवढा कडक आणि दुकानात एवढा मवाळ! काय सोय आहे.

२५ फेब्रुवारी, बुधवार

ललितला सांगितलं. "तू म्हणशील तसं, आई." चाळिशी उलटली तरी याचं हेच.

"मी काय म्हणते ते तुला माहीत आहे."

"हो."

विषय संपला.

पुनम पोळ्या लाटत होती. तिने मान वर केली नाही. सूनबाईंचं मत काय असणार ते मला न विचारता कळतं. पारोळ्याकडची शेतकऱ्याची पोर. चालता धंदा कोण बुडू देईल! लग्नाआधी बाप्तिस्मा घेतला खरा, पण मला नेहमी वाटतं, पाणी केसांपर्यंत गेलं, त्याच्या खाली उतरलं नाही. अजून आखाजीच्या सुमारास झोक्यावरची गाणी गुणगुणते. उपासनेत गीताचं पान शेजारणीचं बघून काढते. लग्नानंतर तिचा बाप वर्षभर आमच्याकडे फिरकला नव्हता. मग एकदा हॉटेलात भरीत खायला आला आणि येतच राहिला.

भरीत मात्र — लिहायला हवं — तिच्यासारखं कोणी करत नाही. वांगी असोद्याची, पण हात तिचा. लोक थांबतात ते त्यासाठी. माझ्या पाटीसाठी नाही.

५ मार्च, गुरुवार

लेंट चालू आहे, उपासाचे चाळीस दिवस. आज मंजुळाबाईंकडे घरप्रार्थना. पहिल्या आठवड्यात चहा-बिस्किटं होती. दुसऱ्यात कचोरी आली. आज दालबट्टी, वर तुपाची धार! तारणाऱ्याने रानात चाळीस दिवस काही खाल्लं नाही, त्याची आठवण आम्ही अशी ठेवतो. शेवटच्या आठवड्यापर्यंत पुरणपोळीला पोचू.

बातमी सगळ्यांना कळलेलीच होती. आमच्यात कोणी कोणाला तोंडावर सल्ला देत नाही. डोळे मिटतात आणि देवाला सांगतात, जरा मोठ्याने. मंजुळाबाई म्हणाल्या, "हे प्रभू, ललितभाऊंच्या हॉटेलावर कृपा कर. आणि आमच्या अक्कांचं मन मऊ कर—"

आमेन! सगळ्यांत मोठं आमेन त्यांच्या नवऱ्याचं. हा माणूस माझ्याशी दहा वर्षांत एक वाक्य बोललेला नाही.

मग माझी पाळी आली. मी म्हटलं, "प्रभू, ज्यांची मनं आधीच मऊ आहेत, त्यांना थोडा कणा दे." त्याला आमेन जरा कमी पडलं.

८ मार्च, रविवार

महिला दिन. उपासनेनंतर पुरुषांनी आम्हा बायकांचा गुलाबाची फुलं देऊन सत्कार केला. मग आम्ही त्यांना चहा करून दिला.

१४ मार्च, शनिवार

एसटीने धुळ्याला गेले, शांतवनदादाकडे. दादा तिथल्या मंडळीत वडील आहे, म्हणजे पंचकमिटीत. शास्त्र माझ्याहून जास्त वाचलंय, म्हणून विचारायला गेले. चूक झाली.

"करुणे, तू उगाच ताणतेस. मुळात शब्बाथ शनिवारचाच होता! शनिवारी बंद ठेव, रविवारी उघड. शास्त्रालाही धरून झालं आणि शेठही खूश."

"मग उपासनाही शनिवारी घ्या."

"ते कसं जमेल? शनिवारी लोकांची कामं असतात!"

वहिनी आतून म्हणाल्या, "न्हाव्यांसारखं सोमवारी बंद ठेवा की. कोणाचं काही अडत नाही."

देवाचा दिवस कोणता, तर ज्या दिवशी कोणाचं काही अडत नाही तो! मी पदर खोचून निघाले, तर दादा फाटकापर्यंत आला. म्हणाला, "एक विचारू? रविवार तुला देवासाठी हवाय, की ललित तुझ्या शब्दाबाहेर नाही हे दिसायला?"

मी म्हटलं, बस चुकेल. बस चुकणार नव्हती. पारोळ्यापर्यंत त्याला मनात उत्तरं देत आले. सगळी चोख होती. एकही त्याला ऐकवण्यासारखं नव्हतं.

२९ मार्च, झावळ्यांचा रविवार

पोरांनी झावळ्यांनी एकमेकांना बडवलं. होसान्ना.

दुपारी पाळकसाहेब घरी. नवी कल्पना घेऊन आले होते. "अक्का, ईस्टरच्या दिवशी मंडळीचं प्रीतिभोजन हॉटेल बेथेललाच करू या. तो धंदा नव्हे, सेवा आहे!"

"आणि भांडी कोण घासणार, साहेब?"

"कामाला पोरं आहेतच ना तुमच्याकडे."

"म्हणजे पुनरुत्थान आपलं आणि भांडी त्यांची?"

पुनम चहा घेऊन येत होती. ती फिसकन हसली, कपबशी पडता पडता राहिली. साहेबांना वाटलं, ती मला हसली. मलाही आधी तसंच वाटलं.

३ एप्रिल, उत्तम शुक्रवार

तीन तासांची उपासना. वधस्तंभावरचे सात उद्गार, सात वक्ते. माझ्याकडे तहानेचा उद्गार होता. थोडक्यात आटोपला. माझ्यानंतरचे गृहस्थ इतका वेळ बोलले, की माझा उद्गार साऱ्या मंडळीला लागू झाला.

शेठचा फोन येऊन गेला. दुसरा भाडेकरू जागा बघून गेलाय म्हणे. सांगण्यात घाई अजिबात नव्हती. मांजर उंदराला घाई करत नाही.

५ एप्रिल, रविवार

तो उठला आहे. खरोखर उठला आहे. हॉटेल बंद.

९ एप्रिल, गुरुवार

जेवताना ललित म्हणाला, "सुरतेला एका हॉटेलात बोललोय. स्वयंपाकघर सांभाळायचं. आखाजी झाली की जाईन. पुनम राहील इथे तुझ्याजवळ."

इतकं सहज सांगितलं, जणू कोपऱ्यावरून दही आणायला निघालाय. पुनमला आधीच माहीत होतं. तिचं ताट तसंच होतं.

मला विचारायचं होतं, राहशील कुठे? खाशील काय? आणि मी काय विचारलं? "रविवारी सुट्टी असेल ना?"

ललित हसला. "सुट्टी पाळीपाळीने, आई. माझी मंगळवारी."

म्हणजे काय झालं! रविवार राखायचा म्हणून हॉटेल सोडायचं, आणि हॉटेल सोडलं म्हणून सुरतेला जाऊन दुसऱ्याच्या चुलीपुढे रविवारी उभं राहायचं. हा हिशेब देवाने मांडला असेल असं वाटत नाही. यात माझं अक्षर दिसतं.

११ एप्रिल, शनिवार

हॉटेलवर गेले होते. एरंडोलचा एक माणूस भांडी बघायला आलेला. पातेली उलटी करून बोटांनी वाजवून बघत होता, बाजारात मडकं घेतात तसं. ललित त्याच्यामागे हात बांधून उभा. माझ्या मुलाचे हात इतके रिकामे मी पूर्वी पाहिले नव्हते.

तो माणूस बट्टीच्या भट्टीपाशी थांबला. "ही पण द्यायची का, भाऊ?"

"ही निघत नाही," ललित म्हणाला. "विटा मीच लावल्यात. काढायला गेलं तर फुटेल."

आणि हसला. हे गेले त्या दिवशी आलेल्यांना पाणी देत फिरत होता, तेव्हा असंच हसत होता.

मी पुनमला शोधायला मागे गेले. ती वांगी भाजत होती. मी म्हटलं, "धूर फार झालाय आज." ती म्हणाली, "रोजइतकाच आहे, आई."

१४ एप्रिल, मंगळवार

शास्त्रात सोय सापडते का बघत बसले. सापडली! बैल विहिरीत पडला तर पवित्र दिवशीसुद्धा वर काढतात. माझा बैल पडलाय. आणि दिवस माणसासाठी असतो, माणूस दिवसासाठी नसतो, हेही आहेच. आयुष्यभर दुसऱ्यांनी ही वचनं पुढे केली की मी म्हणायचे, पळवाटा शोधू नका. आज त्याच वाटा केवढ्या रुंद दिसतात! थेट चौपदरी.

मंजुळाबाई भाजीबाजारात भेटल्या. म्हणाल्या, "तुमच्यासाठी रोज मागते हो, अक्का." मी म्हटलं, "पुरे आता. पोचलं."

१७ एप्रिल, शुक्रवार

शेठच्या दुकानात गेले, दाणाबाजारात. घरी कोणालाही सांगितलं नाही. तयार करून नेलेलं वाक्य एकदाच बोलले आणि लगेच बोलले, नाहीतर परत गिळलं असतं — "शेठजी, रविवारी उघडं ठेवू. आखाजीला सही करून टाका."

शेठ खूश होतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढला, सावकाश पुसला.

"मॅडम, काल तुमची सूनबाई येऊन गेली."

"पुनम? कशाला?"

"एकटीच आली. उभ्या उभ्या बोलली. म्हणाली, 'शेठजी, रविवार बंदच राही. पटत नसेल तर जागा दुसऱ्याला द्या. ललितला विचारू नका, तो आईंना विचारेल. आईंना तर विचारूच नका, त्यांना त्रास होईल.' मी म्हटलं, बेटी, हॉटेल जाईल. म्हणाली, 'जाऊ द्या. भरीत मी कुठंही करेन.'"

शेठच्या आवाजात काहीतरी होतं. भाव करताना असतं ते नव्हे. "दुकानावरच आमचं घर. आमच्या बाईंनी वरून ऐकलं. उपासाचा दिवस होता, तरी जिना उतरून आल्या आणि तिला हाताला धरून वर घेऊन गेल्या. नियम पाळणाऱ्याला नियमवाला बरोबर ओळखतो, मॅडम."

मला कोणी वर बोलावलं नव्हतं. मी गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले होते, मागे तांदळाची पोती.

"आता तुम्हीच सांगा," शेठ म्हणाले. "तुमच्या घरात मी खरं कोणाचं धरू? तिचं का तुमचं?"

तिचं धरा. एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. आयुष्यभर जे मोठमोठ्याने सांगत आले तेच कोणीतरी माझ्यासाठी आधीच सांगून ठेवलं होतं. मी नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. पण ललितचे ते रिकामे हात. आणि — इथे तरी खरं लिहावं — घरातली कालची पोर माझ्या पुढे जाऊन उभी राहिली होती, तेही.

"घरात मोठी मी आहे," मी म्हणाले. "माझं धरा."

शेठ म्हणाले, "जैसी आपकी मर्जी." पेढे काढले नाहीत.

१८ एप्रिल, शनिवार

ललितने सुरतेला फोन करून नाही कळवलं. पोरगा फोनवर आनंदाने चक्क ओरडत होता! इतक्या मोठ्याने बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. मग बादली घेऊन भट्टी सारवायला गेला. त्याला वाटतं, आईने त्याच्यासाठी केलं. केलंच की.

पुनम दुपारी माझ्या खोलीत आली. दारातच उभी राहिली.

"आई, उद्या मी हॉटेलवर येणार नाही. उपासनेला जाईन."

"अगं, पण उद्याच तर—" आणि पुढे माझ्या तोंडून काय निघावं? "भरीत कोण करेल?"

"तुम्ही करा."

उर्मटपणे नाही म्हणाली. मीठ कुठे आहे ते सांगावं तसं म्हणाली. मला राग आला. मी म्हटलं, "तुला कळतंय का, ललित कुठल्या कुठे फेकला गेला असता? नवऱ्यापेक्षा रविवार मोठा झाला का तुला?"

तेव्हा ती बोलली. चिडली की तिची अहिराणी बाहेर येते. "माले बठ्ठं समजस, आई!" मग थांबली, श्वास घेतला आणि माझ्या भाषेत आली. "लग्नाच्या वेळी गावात सगळ्यांनी विचारलं, बाप्तिस्मा कशाला घेतेस? त्यांनाही तुमच्यासारखंच वाटलं, ललितसाठी. ललितसाठी तर पळून जाऊनही भागलं असतं."

मी चादरीची घडी मोडून पुन्हा घातली.

"तुमच्याकडे बघूनच धरलं होतं मी हे," म्हणाली आणि गेली. थोड्या वेळाने मागच्या अंगणातून उपासनेची पांढरी साडी पिळून झटकल्याचा आवाज आला.

शिष्य पुढे गेला की गुरूला आनंद होतो म्हणतात. ज्याला होत असेल त्याला होवो.

१९ एप्रिल, रविवार. आखाजी

सही झाली. उघडलं. पुनम उपासनेला एकटी गेली. भरीत मी केलं, खारट झालं. गर्दीत खपून गेलं. मग गल्ल्यावर बसले. एकच्या सुमारास पाळकसाहेब मंडळीला घेऊन जेवायला आले. "सलाम, अक्का!" म्हणाले. सगळे म्हणाले. टेबलं जोडून बसले, रस्सा मागवला. आणि रविवारी मला तिथे बसलेली बघून एकालाही — एकालाही! — नवल वाटलं नाही.